लेकरांना एवढे नियम, मग बाईंना काय?

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सहसा फार कुणी बोलत नाही. चहा येतो, इतिवृत्तावर सह्या होतात, शौचालयाच्या नळाचा विषय पुढच्या बैठकीवर जातो आणि मंडळी आपापल्या रानात निघून जातात. कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या बाया. आमच्याकडे बाया येतात, पण भिंतीला टेकून बसतात, सही करतात आणि उठतात. गेल्या वर्षी मात्र त्यातल्या एकीने तोंड उघडलं. विषय रंगरंगोटीचा होता. पेंटरला बाहेरच्या भिंतीवर काय लिहायला सांगायचं म्हणून मुख्याध्यापक जुनी यादी वाचून दाखवत होते. विद्यार्थ्यांनी वेळेवर यावे. गणवेश स्वच्छ असावा. नखे कापलेली असावीत. वर्गात शांतता राखावी. शाळेत रोज हजर राहावे. यादी संपली तशी ती म्हणाली, "समदं लेकरांनीच करायचं का? बाईंनी अन् सरांनी काय करायचं ते कुठं लिव्हलंय?"

सगळे हसले, मीही हसले. विषय तिथंच मिटला आणि ठराव जुन्याच यादीचा झाला. पण प्रश्न बरोबर होता. नंतर मी एका वहीत तो एकेक नियम उतरवला आणि समोर लिहीत गेले, की लेकराने हा पाळायचा तर आम्हा शिक्षकांकडून काय लागतं. पुढचं बरंचसं त्या वहीतलं आहे.

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. गाव ऊसतोडीला जाणारं. एवढं सांगितलं की 'रोज हजर राहावे' या नियमाचं काय होत असेल ते आमच्या भागातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडायला दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. म्हणजे पहिलं सत्र संपतं आणि अर्धी हजेरी रिकामी. ज्यांच्या घरी सांभाळायला म्हातारं माणूस आहे ती लेकरं राहतात, बाकीची आई-बापासोबत कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, जातात. तिथं आई-बाप उसाच्या फडात असताना धाकट्याला कुणी सांभाळायचं? मोठ्या बहिणीने. तिची शाळा त्या दिवशी तिथंच संपते.

यावर काहीच नाही असं नाही. मागे राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह असतं, म्हणजे सहा महिने दोन वेळचं जेवण आणि देखरेख. जाणाऱ्यांना शिक्षण हमी कार्ड देतो. ते दाखवलं की जिथं जातील तिथल्या शाळेने बसवून घ्यायचं. कागदावर चोख आहे. पण कार्ड देणं आणि ते वापरलं जाणं यात एक माणूस लागतो, जो त्या गावच्या शाळेत फोन लावून विचारतो, 'आमची तीन लेकरं तुमच्या हद्दीत आली आहेत, बसवली का?' मी वहीत लिहिलं ते एवढंच: रोज हजर राहावे, यासाठी बाईंनी फोन करावा. हे काम कुठल्याही रजिस्टरात मावत नाही. काही शाळांनी सांभाळून घेतलं. एका ठिकाणच्या गुरुजींनी तर कोपीवर जाऊन पोरांना गाडीवर बसवून आणलं, त्यांना मी अजून पाहिलेलं नाही. काही ठिकाणी 'बघतो' म्हणाले आणि पुढे काही कळलं नाही.

जाता जाता, मुलींसाठी उपस्थिती भत्ता आहे. सावित्रीबाईंच्या नावाने १९९२ मध्ये सुरू झाला, दुर्बल घटकातल्या मुलींना हजेरीच्या दिवसाला १ रुपया. तेव्हा त्या रुपयाला अर्थ होता. वर्षानुवर्षं तो रुपयाच राहिला. कोयत्यावरची मजुरी वाढावी म्हणून संप होतात, लवाद बसतात, दर ठरतात. पोरीच्या रुपयासाठी कोण संप करणार?

वेळेवर येण्याचा नियमही याच्याशीच जोडलेला आहे. पाचवीत एक मुलगी होती, आई-बाप तोडीला, घरी आजी आणि दोन भावंडं. आजीला मोतीबिंदू. भाकरी हिलाच थापायच्या, पाणी हिलाच भरायचं. परिपाठ संपता संपता यायची. आमच्याकडे उशिरा आलेल्यांनी ओट्याखाली वेगळं उभं राहायचं, अशी जुनी पद्धत होती. मी तिला सरळ रांगेत घ्यायला लागले तर दुसऱ्याच दिवशी पोरांनी विचारलं, "बाई, तिला कशामुळं सोडता? नियम म्हणजे नियम." पोरांचं न्यायाचं नाक फार तिखट असतं, त्यांना 'जाऊ दे रे' म्हणून गप्प करता येत नाही. मग वर्गात सगळ्यांना विचारलं, सकाळी उठल्यापासून शाळेत येईपर्यंत काय काय करता, फळ्यावर लिहा. कुणी दोन ओळी लिहिल्या, कुणी चार. तिची यादी फळ्यावर मावेना. शेवटी तिला खडू पुरेना म्हणून नियमवाल्या पोरानेच आणून दिला. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही, आणि ओट्याखाली उभं राहणंही बंद झालं. उशीर झालेल्याने आत यायचं आणि कारण मधल्या सुट्टीत बाईंना सांगायचं, एवढंच. खोटं सांगणारे सांगतात. त्यांचं काय करायचं ते मी बघते.

गणवेशाची कथा वेगळी. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून एका गणवेशाला ३०० रुपये, वर्षाला दोन. बरीच वर्षं हे सगळ्या मुलींना आणि मुलांमध्ये फक्त अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालच्यांना मिळायचं. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या दोन पोरांमध्ये एकाला शाळेचा शर्ट आणि दुसऱ्याला नाही. आणि दुसऱ्याचा बाप काही बागायतदार नसायचा, फक्त त्याचं नाव यादीत नसायचं. पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर रांग लावताना ते उघडं दिसायचं. २०२३ पासून राज्याने उरलेल्या मुलांनाही घेतलं आणि बूट-मोजेही आले, हे खरोखर चांगलं झालं. पुढच्याच वर्षी कापड आणि शिलाई वरून करायचं ठरलं. शाळा सुरू होऊन गेली तरी गणवेश यायचे होते, आणि आले तेव्हा तिसरीतल्या पोराची चड्डी सातवीतल्याला आणि सातवीतल्याची कुणालाच नाही. नंतर अधिकार पुन्हा शाळा समितीकडे आले. आता गावातलाच शिंपी माप घेतो. एका पोरीच्या शर्टाला त्याने खिसा मोठा शिवून दिला, तिनेच सांगितलं होतं, बोरं ठेवायला.

पण 'स्वच्छ'चं काय? फेब्रुवारीनंतर आमच्याकडे टँकर येतो. हंड्याला नंबर असतात. तिथं आठवड्यातून दोनदा गणवेश धुवून आणा म्हणणं म्हणजे पोराला आईच्या शिव्या खायला लावणं. म्हणून उन्हाळ्यात आम्ही गणवेश सोमवार आणि गुरुवारी ठेवला, बाकी दिवशी घरचे कपडे. आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी एकदा हटकलं. त्यांना बोअरवर नेऊन हापसा मारायला लावला. हवा आली. ते काही बोलले नाहीत, आम्हीही बोललो नाही.

नखांसाठी एकच उपाय चालला. प्रत्येक वर्गाच्या खिडकीच्या गजाला सुतळीने नेलकटर बांधलंय. सुतळी हातभर लांब, त्यामुळे पोराला खिडकीजवळच उभं राहून नखं कापावी लागतात आणि ती बाहेर पडतात. पूर्वी सोमवारी तपासणी व्हायची, हात पुढे, पट्टी तयार. अर्ध्या घरांत नेलकटरच नव्हतं. ब्लेडने आई कापायची, तीही तोडीला गेलेली. आता तपासणी पोरंच एकमेकांची करतात आणि खिडकीकडे ढकलतात. पहिलीची पोरं चौथीतल्यांकडून कापून घेतात. एकदा रक्त आलं, तेव्हापासून पहिलीवाल्यांसाठी मी स्वतः बसते.

पट्टीचा विषय निघालाच आहे तर. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, कलम १७. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी. १ एप्रिल २०१० पासून लागू. मी ज्या शाळेत शिकले तिथं गुरुजी शेवरीची फोक आणायला पोरांनाच पाठवायचे, आणि ज्याला मार बसायचा त्यालाच पाठवायचे. माझ्या पिढीतले पुष्कळ लोक याच्या आठवणी कौतुकाने सांगतात, 'मार खाल्ला म्हणून घडलो' वगैरे. मला ते कधीच पटलं नाही. जे मार खाऊन शाळा सोडून गेले ते ही आठवण सांगायला कट्ट्यावर नसतात. त्यातले काही आज माझ्या वर्गातल्या पोरांचे बाप आहेत आणि गंमत म्हणजे तेच येऊन सांगतात, "बाई, ऐकलं नाही तर दोन ठेवून द्या, आमची काय तक्रार नाही." त्यांची नसेल. पोराची असते.

मारणं सोडणं सोपं आहे. कोंबडा, उठाबशा, अंगठे धरणं हेही जातं. चिकटून राहतं ते बोलणं. 'तुझ्या घराण्यात कुणी शिकलंय का' हे वाक्य मी शिक्षकांच्या तोंडून इतक्या सहज ऐकलंय, की बोलणाऱ्याला आपण काही बोललो हे कळतही नाही. कलमात मानसिक छळ हा शब्द आहे तो यासाठीच. वहीत 'गुरुजनांचा मान ठेवावा' याच्यासमोर मी लिहिलं, लेकराचं घराणं काढू नये.

परिपाठात आम्ही मूल्यं रोज म्हणतो. राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. ऊन चढलेलं असलं की रांगेतलं एखादं पोर चक्कर येऊन बसतं आणि बहुतेक वेळा ते उपाशी आलेलं असतं. प्रतिज्ञेबद्दल सातवीला मी एक गोष्ट सांगते, पोरांना ती आवडते. ही प्रतिज्ञा आधी मराठी नव्हतीच. १९६२ मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव नावाच्या गृहस्थांनी ती तेलुगूत लिहिली. ते काही मंत्री नव्हते की मोठे कवी म्हणून देशभर गाजलेले नव्हते, विशाखापट्टणमला कोषागारात अधिकारी होते. म्हणजे आपल्या तालुक्याला पगार-पेन्शनची बिलं पास करणारे साहेब असतात तसे. पोरं म्हणतात, "अन् त्यांचं नाव पुस्तकात का नाही?" मी म्हणते, विचारा की, पत्र लिहा. एका वर्षी लिहिलं होतं. उत्तर आलं नाही, पण पत्राचं शुद्धलेखन चांगलं झालं होतं.

सगळेच आपले बांधव, हे म्हणून झाल्यावर त्याची परीक्षा दुपारी होते, खिचडीच्या वेळी. पोषण आहारात पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, वर डाळ, तेल, भाजी. वाढायच्या आधी शिक्षकाने चव घेऊन रजिस्टरात नोंद करायची. भिंतीवरचा नियम होता, 'रांगेत बसावे, उष्टे टाकू नये'. रांगेत बसायची पोरं. फक्त रांगा वस्तीवार पडायच्या. कुणी शिकवलेलं नसतं, घरून येतानाच घोळका जसा येतो तसाच बसतो. ओरडून हे मोडत नाही, उलट ज्याला दुसऱ्या रांगेत ओढून बसवू त्याच्याकडेच सगळे बघतात. आम्ही उंचीप्रमाणे बसवायला लागलो. बुटके पुढे, उंच मागे. पोरांना उंची मोजण्यात इतका रस, की दर महिन्याला दाराच्या चौकटीवर खडूच्या रेघा आणि कोण कुणाच्या पुढं गेलं यावरून वाद. वस्तीचा घोळका त्यात कधी फुटला ते त्यांनाही कळलं नाही. दोन घरांतून कुरकुर आली, एका आजोबांनी येऊन विचारलं, "आमच्या नातवाला तिथंच का बसवता?" मी म्हटलं, तो एकशे अठ्ठावीस सेंटिमीटर आहे. यावर त्यांच्याकडे बोलायला काही नव्हतं.

झाडलोटीचं तितकं सोपं गेलं नाही. आधी मुली झाडायच्या आणि घंटा मुलगे द्यायचे. तक्ता केला, हजेरी क्रमांकाने सगळ्यांची पाळी. तिसऱ्या दिवशी एक वडील गाडी फटफटवत आले, "आमच्या पोराच्या हातात झाडू दिला?" मी सांगितलं, तक्त्यात सरांचंही नाव आहे, शुक्रवारी. ते शुक्रवारी पाहायला आले. सरांनी वर्ग झाडला, जरा कचरा कोपऱ्यात राहिला तो पोरांनी दाखवून दिला, सरांनी परत झाडला. आमचे सर याबाबतीत भला माणूस. त्यांनी नाही म्हटलं असतं तर तक्ता तिथंच फाटला असता.

पोरांची बालसभा आम्ही दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी घेतो. तिथं ते स्वतः नियम करतात आणि ते भिंतीवरच्यांपेक्षा जास्त पाळले जातात, हे कुणीही शाळेत येऊन पाहावं. पण म्हणून ते नियम शहाणेच असतात असं नाही. शिवी दिली तर १ रुपया दंड, असा ठराव एकदा आला. जोरात हात वर झाले. तेव्हा मागून सहावीतला एकजण म्हणाला, "मंग ज्याच्या खिशात पैशे हायत त्यानं दिवसभर शिव्या द्यायच्या का?" दंड रद्द. मग ठरलं, शिवी देणाऱ्याने झाडांना पाणी घालायचं. आठवडाभरात शिव्या वाढल्या. गणिताच्या तासाला बाहेर जाऊन बादलीने पाणी घालणं ही शिक्षा कसली? आणि मला त्यात दुसरीही अडचण दिसत होती. झाडाला पाणी घालणं ही शिक्षा झाली तर उद्या ते काम कोण आवडीने करणार? तेही रद्द झालं. सध्या असं आहे, की ज्याला शिवी दिली त्याने सांगायचं काय केल्याने त्याचं समाधान होईल. मागण्या अजब असतात. 'माझं दप्तर घरापर्यंत ने.' 'क्रिकेटमध्ये मला पहिली बॅटिंग दे.' एका मुलीने मागितलं होतं, "सगळ्यांसमोर माझं पूर्ण नाव घे." तिला टोपणनावाने चिडवत असत. त्या पोराने घेतलं, आईच्या नावासकट.

आणि मग तो ठराव आला, ज्यामुळे समितीच्या बैठकीत बोललेल्या त्या बाईच्या प्रश्नाला निदान एक उत्तर मिळालं. पाचवीच्या वर्गाचा: 'बाईंनी आणि सरांनी तासाला फोन घेऊ नये.' आम्ही तिघं शिक्षक हजर होतो. एकमेकांकडे बघितलं. फोन आम्ही चैनीसाठी घेत नाही, हे खरं. पोषण आहाराची रोजची संख्या फोनवरून भरायची, वरून लिंक येते ती दुपारी दोनच्या आत भरायची, निवडणुकीच्या काळात मतदारयाद्यांचं काम त्यातच. पण पोराला दिसतं ते एवढंच, की तो भागाकार विचारायला वही घेऊन उभा आहे आणि बाई खाली बघून अंगठा फिरवतायत. सरांनी बाजू मांडली, चांगली मांडली. पोरांनी ऐकून घेतली आणि तोडगा काढला: जेवणाची संख्या भरायला मधली सुट्टी, बाकी माहिती शाळा सुटल्यावर, आणि फोन तोवर कपाटात. तातडीचं असेल तर वर्गाला सांगून घ्यायचा. किल्ली सातवीच्या मंत्र्याकडे. कार्यालयातून एकदा विचारणा झाली, माहिती उशिरा का. आम्ही खरं कारण लेखी दिलं.

शौचालयाच्या नळाचा नियम मात्र अजून भिंतीवर चढू दिलेला नाही. 'शौचालय स्वच्छ ठेवावे' असं पेंटरने बाहेर लिहिलं होतं, त्यावर मुलींनीच आक्षेप घेतला. टाकीला पाणी नाही तर स्वच्छ कशाने ठेवायचं? ग्रामपंचायतीला अर्ज दिलाय, स्मरणपत्र दिलंय, या वेळी अर्जावर मुलींच्या सह्या आहेत. पाइप आलेत, खड्डा खणायचा राहिलाय. तोपर्यंत ती ओळ चुन्याने पुसून ठेवली आहे.

येत्या शनिवारच्या बालसभेत चौथीचा एक विषय आहे: रविवारसाठी गृहपाठ देऊ नये. मी विरोधात बोलणार आहे. मुद्दे काढून ठेवलेत, पण बालसभेत माझंही मत एकच धरतात, आणि चौथीत सव्वीस पोरं आहेत.